एका पानाचा रेझ्युमे





गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हाला भेटायला घरी आला. फराळ झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्याने पिशवीतून एक प्लास्टिकचे फोल्डर काढले. आत त्याचा बायोडाटा होता, चांगला तीन पानांचा. इंदूरमध्येच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा मुंबईच्या इन्व्हेस्टमेंट बँकांमध्ये उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज करीत होता. चौदा ठिकाणी अर्ज पाठवून झाले होते आणि एकाही ठिकाणाहून उत्तर आले नव्हते. "सर, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण कुणी काही बोलतच नाही," तो म्हणाला.

आम्ही पाने चाळली आणि मनातून ओशाळलो, कारण नमुना आमचाच होता. बऱ्याच वर्षांपूर्वी बारावीच्या वर्गासाठी आम्ही एक कागद तयार केला होता. त्याच्याच झेरॉक्स वर्षानुवर्षे शाळेत फिरत राहिल्या. सर्वांत वर ठळक अक्षरात 'बायोडाटा', कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचा फोटो, खाली वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, राष्ट्रीयत्व, वैवाहिक स्थिती आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' अशी प्रतिज्ञा. आमचे स्वतःचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शिक्षकाच्या नोकरीचा अर्ज भरताना आम्ही जे शिकलो, तेच पुढे मुलांना दिले. सरकारी अर्जाला ते अजूनही चालते. या मुलाला जेथे जायचे होते तेथे मात्र त्याने त्याचे नुकसानच केले होते.

योगायोगाने त्याच सुट्टीत आपली एक माजी विद्यार्थिनी मुंबईहून आली होती. ती गेली सात वर्षे याच क्षेत्रात आहे आणि नव्या मुलांचे अर्ज चाळण्याचे कामही तिच्याकडे असते. आम्ही दोघांची गाठ घालून दिली. दोन दुपारी ती त्याला घेऊन आमच्या बैठकीच्या खोलीत बसली होती. चहाची ने-आण करता करता आम्हीही विद्यार्थी झालो. जे ऐकले ते येथे मांडत आहोत.

आधी पालकांसाठी थोडेसे. आपले बचत खाते असते त्या बँकेचे काम वेगळे आणि हे वेगळे. ठेवी, पासबुक, कर्जाचे हप्ते यांच्याशी याचा संबंध नाही. कंपन्यांना भांडवल उभे करून देणे, आणि एका कंपनीने दुसरी विकत घ्यावी का, घेतल्यास कितीला, याचा सल्ला देणे ही येथली मुख्य कामे. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत अशा संस्थेला मर्चंट बँकर म्हणतात आणि तिला सेबीकडे नोंदणी करावी लागते. मे २०२२ मध्ये एलआयसीचे शेअर प्रथमच विक्रीला आले तो प्रसंग आठवा. पॉलिसीधारकांना शेअरमागे ६० रुपयांची सूट होती. सरकारने आपला साडेतीन टक्के हिस्सा विकला आणि सुमारे २१ हजार कोटी रुपये उभे राहिले. एवढ्या मोठ्या कंपनीची किंमत किती धरायची, शेअरचा भाव ९०२ ते ९४९ रुपयांच्या पट्ट्यात का ठेवायचा, सेबीपुढे ठेवायच्या शेकडो पानांच्या दस्तऐवजात काय लिहायचे, या कामासाठी दहा बँकर संस्था नेमल्या होत्या.

अशा संस्थेत नवा मुलगा ॲनालिस्ट म्हणून लागतो. आकडे गोळा करणे, एक्सेलमध्ये हिशेब मांडणे, सादरीकरणाची पाने बनवणे आणि त्या पानांतल्या चुका शोधणे हे त्याचे काम. तास फार. २०२४ मध्ये जेपी मॉर्गन बँकेने आपल्या कनिष्ठ बँकरांच्या कामाला मर्यादा घातली, तीच मुळी आठवड्याला ८० तासांची होती. पगाराच्या गोष्टी ऐकून हरखून गेलेल्या पालकांनी हाही आकडा मुलांसमोर ठेवावा असे आम्हाला वाटते.

तर अशा जागी अर्ज वाचणारा माणूस त्या कागदात काय पाहतो? मुलगा सद्गुणी आहे की नाही हे त्याला त्या कागदावरून कळणारच नसते. आकडे आणि मजकूर या मुलाच्या हाती सोपवता येतील का, एवढेच तो पाहतो. त्याच्यापुढे शेकडो अर्ज असतात आणि एकेका पानाला फार तर मिनिटभर मिळते. म्हणून तीन पानांतली दोन पाने तो पाहतच नाही. आणि तीन पाने पाठवणाऱ्याला महत्त्वाचे काय ते निवडता येत नाही, असा अर्थ तो काढतो.

आपल्या ताईने पेन्सिल घेतली आणि पहिल्या दहा मिनिटांत निम्म्याहून अधिक मजकूर खोडला. फोटो, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव, प्रतिज्ञा हे सगळे गेले. 'एका नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून माझ्या क्षमतांचा विकास करणे' हे सुरुवातीचे उद्दिष्ट गेले. ती म्हणाली, हे वाक्य मी रोज वाचते, नाव बदललं तरी वाक्य तेच. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीम प्लेयर' ही विशेषणे गेली. सहावीतल्या सुलेखन स्पर्धेपासूनची अकरा प्रमाणपत्रे गेली, तेव्हा मुलाचा चेहरा पडला. खरे सांगायचे तर आमचाही पडला, कारण त्यातल्या सात प्रमाणपत्रांवर आमची सही होती.

राहिले काय? नाव, फोन, ईमेल, शिक्षण, आणि एक मोठी पांढरी जागा.

मग तिने विचारले, "कॉलेज सुटल्यावर तू काय करतोस?" तो गप्प. बराच आग्रह केल्यावर कळले की त्याचे वडील सियागंजातल्या एका छोट्या घाऊक दुकानात मुनीम आहेत आणि अकरावीपासून तो रोज संध्याकाळी दोन तास तेथे वहीखात्यात मदत करतो. "ते काय लिहायचं, ताई? घरचंच काम आहे. पगारसुद्धा नाही." तीन पानांत या कामाचा एक शब्दही नव्हता. सुलेखनाला जागा होती, चार वर्षांच्या हिशेबाला नव्हती.

हा भाग आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांची हीच गोष्ट आहे.

दुकानाची चौसष्ट उधारीची गिऱ्हाइके होती, सगळे किरकोळ दुकानदार. मुलाने लाल वहीतली सगळी उधारी एक्सेलमध्ये चढवली होती आणि कोणाचे पैसे किती दिवस अडकले आहेत याची यादी दर सोमवारी मालकांना काढून देत होता. ताईने त्याला आकडे विचारले. वर्षाची उधारीवरची विक्री ७३ लाख, येणे बाकी १४ लाख ६० हजार. येणे बाकीला वर्षाच्या उधार विक्रीने भागून ३६५ ने गुणले की उधारी सरासरी किती दिवसांनी वसूल होते ते कळते. येथे ते ७३ दिवस आले. वर्षभराने बाकी १० लाखांवर आली, विक्री जवळपास तेवढीच. म्हणजे ५० दिवस. दुकानात ४ लाख ६० हजार रुपये मोकळे झाले, तेही कर्ज न काढता. "तू जे केलंस त्याला आमच्याकडे वर्किंग कॅपिटलचा अभ्यास म्हणतात," ती म्हणाली. "आम्ही मोठ्या कंपनीचे हेच दिवस मोजतो."

त्याने उत्साहाने लगेच लिहिले की मी उधारी ७३ दिवसांवरून ५० दिवसांवर आणली. तिने पेन्सिल पुन्हा उचलली. वसुलीचे फोन कोणी केले? मालकांनी. गिऱ्हाइकाच्या दारात कोण जाऊन बसले? वडील. मग तू काय केलेस? अर्ध्या तासाच्या काथ्याकुटानंतर जे वाक्य ठरले त्याचा मराठी अर्थ असा: 'घाऊक किराणा दुकानातील ६४ गिऱ्हाइकांची उधारी वहीतून एक्सेलमध्ये उतरवली आणि थकबाकीची साप्ताहिक यादी तयार केली, मालकांनी ती वापरून वर्षभरात सरासरी वसुलीचा काळ ७३ दिवसांवरून ५० दिवसांवर आणला.' क्रियापद आधी, मग कामाचा आवाका, मग परिणाम, आणि परिणामात दुसऱ्याचा वाटा दुसऱ्याकडे. 'अमुक कामाची जबाबदारी होती' असे लिहू नये हेही तिने सांगितले. जबाबदारी होती म्हणजे ती पार पाडली असे होत नाही.

दुकानाचे किंवा कोणत्याही गिऱ्हाइकाचे नाव कागदावर घातले नाही. या धंद्यात गुप्तता फार पाळतात. जो मुलगा आज दुकानदाराची थकबाकी नावानिशी सांगतो, तो उद्या कंपनीची बातमीही बाहेर सांगेल, असा विचार वाचणारा करतो.

याच रीतीने गणेशोत्सवही कागदावर आला. 'मंडळाचा सक्रिय कार्यकर्ता' खोडून तेथे दोन वर्षे कोषाध्यक्ष, ४१२ पावत्या, ३ लाख ४० हजारांची वर्गणी आणि विसर्जनानंतर पाच दिवसांत हिशेब फलकावर, असे आले. आपल्या समाजात गणेशोत्सव, कोजागिरी, भिशी, सहल यांचे हिशेब मुलेच सांभाळतात, आणि तेच सांगायला लाजतात. छंदाच्या ओळीत 'वाचन, संगीत, क्रिकेट' होते. हा मुलगा तबला वाजवतो आणि मध्यमा पूर्ण झालेला आहे. आता तेवढेच लिहिले. मुलाखतीत कधी कधी गप्पांची सुरुवात याच ओळीवरून होते, असे कळले.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. रेझ्युमेतली प्रत्येक ओळ म्हणजे मुलाखतीतला एक प्रश्न. आपल्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रसंग आम्हाला ठाऊक आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आल्यावर त्याने 'फायनान्शियल मॉडेलिंगमध्ये प्रावीण्य' असे लिहून टाकले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: कंपनीचा घसारा १० रुपयांनी वाढला, तर तिन्ही हिशेबपत्रकांवर काय परिणाम होईल? तो अडखळला आणि पुढची पंधरा मिनिटे कशीबशी काढली. उत्तर अवघड नाही. कर २५ टक्के धरा. करपूर्व नफा १० रुपयांनी घटला, कर अडीच रुपयांनी वाचला, म्हणून निव्वळ नफा साडेसात रुपयांनी कमी. परंतु घसाऱ्यात रोख रक्कम जात नाही, म्हणून रोखीच्या पत्रकात १० रुपये परत मिळवायचे. एकूण रोख अडीच रुपयांनी वाढली. ताळेबंदात यंत्रसामग्री १० रुपयांनी कमी, रोख अडीचने जास्त, म्हणजे मालमत्ता साडेसातने घटली. दुसऱ्या बाजूला नफ्यामुळे भागधारकांचा निधीही साडेसातनेच घटला. ताळा जमला. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे एकदा कागदावर करून पाहावे. ज्याला एवढे न चुकता सांगता येत नाही त्याने 'प्रावीण्य' हा शब्द लिहू नये. 'प्राथमिक ओळख' लिहावे, त्यात कमीपणा नाही.

मुलाजवळ वित्त विषयाचा पुरावा कमी होता हे खरे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याचे मार्ग आहेत. सेबीनेच उभी केलेली एनआयएसएम ही संस्था भांडवल बाजाराच्या परीक्षा घेते. पण ताईने त्याला आधी फुकटचे काम सांगितले: एखाद्या व्यवहाराची मूळ कागदपत्रे वाच. कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर आणि शेअर विक्रीचे दस्तऐवज सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. उदाहरणही तिने घरचेच निवडले, आपल्या इंदूरची रुची सोया. ही कंपनी कर्जात बुडाली आणि डिसेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०१९ मध्ये पतंजलीने ती ४,३५० कोटींच्या योजनेतून घेतली. त्यानंतर सुमारे ९९ टक्के शेअर एकाच समूहाकडे आले. नोंदलेल्या कंपनीत किमान २५ टक्के हिस्सा जनतेकडे असावा असा नियम आहे. त्या दिशेने जाण्यासाठी आणि कर्ज फेडण्यासाठी मार्च २०२२ मध्ये पुन्हा शेअर विकून ४,३०० कोटी उभे केले गेले, भाव ६५० रुपये. पुढे त्याच वर्षी कंपनीचे नाव पतंजली फूड्स झाले. दिवाळखोरी, खरेदी आणि शेअर विक्री असे तिन्ही प्रकारचे बँकरचे काम एकाच कंपनीत पाहायला मिळते. मुलाने दीड महिना घालवून यावर चार पानांचे टिपण केले आणि रेझ्युमेत त्याची एक ओळ आली. दहा जाहिरातबाज ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा ती ओळ आम्हाला तरी जड वाटते.

आजकाल मुले एआयला सांगून रेझ्युमे लिहून घेतात. इंग्रजीच्या चुका दुरुस्त करायला त्याचा उपयोग करावा, आम्हीही परिपत्रकांसाठी करतो. पण त्याला चौसष्ट गिऱ्हाइके ठाऊक नसतात. तो गुळगुळीत विशेषणे भरतो, कधी कधी न केलेले कामही लिहून टाकतो, आणि उत्तर मात्र मुलाला द्यावे लागते.

कागदाच्या मांडणीबद्दल थोडक्यात. एक पान, पांढरा कागद, काळी अक्षरे, आकार दहा किंवा अकरा. चौकटी, चित्रे आणि रंगीत पट्ट्या नकोत. अनेक ठिकाणी अर्ज आधी संगणक वाचतो आणि तो चौकटींत गोंधळतो. अलीकडचे काम वर, जुने खाली. तारखा सगळीकडे एकाच पद्धतीने. ओळीच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा तर सगळीकडे, नाहीतर कोठेच नाही. हे ऐकून मुलगा हसला, ताई हसली नाही. तिच्या कार्यालयात पूर्णविराम शोधण्यातच रात्री जातात म्हणे! फाइल पीडीएफ करून, नावात स्वतःचे नाव घालून पाठवावी. आणि शाळेत असताना गमतीने काढलेला ईमेल पत्ता बदलावा, त्याची उदाहरणे आम्ही येथे देत नाही.

परदेशी अर्ज करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला लाख-कोटी कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, आणि सोबत रुपये असल्याचा स्पष्ट उल्लेख. गुण लिहिताना किती पैकी ते लिहावे. जन्मतारीख आणि फोटो तेथे तर मुळीच नको.

आता जे अजून शाळेतच आहेत त्यांच्यासाठी. आपल्या देशातल्या रेझ्युमेत दहावी-बारावीचे गुणही सहसा लिहितात आणि वाचणारे ते पाहतात. म्हणजे या पानाच्या दोन ओळी आपल्याच इमारतीत लिहिल्या जातात. गुण बेताचे असतील तर ते लपवू नयेत. अंकसूची पुढे मागितली जातेच, आणि लपवाछपवी सापडली तर मिळालेली संधीही जाते. आपल्या गावातच १९९६ पासून आयआयएम आहे आणि २०११ पासून तेथे बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही चालतो. तेव्हा हे क्षेत्र फक्त मुंबईकरांचे, असे समजण्याचे कारण नाही. मात्र साध्या महाविद्यालयातून थेट अर्ज करणाऱ्याला वाट लांबची आहे, हे आम्ही गोड शब्दांत झाकणार नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले असे आपण विचाराल. नव्या कागदावर त्याने नऊ अर्ज केले. सात ठिकाणी पुन्हा शांतता. एका मोठ्या संस्थेने मुलाखत घेतली आणि नाही म्हटले. मुंबईतल्या एका लहान मर्चंट बँकर संस्थेने बोलावले, वीस मिनिटे फक्त उधारीबद्दल विचारले आणि मे-जूनचे दोन महिने कामाला घेतले. मुलाखतीत त्याला विचारले होते, "यादी काढण्याची कल्पना तुझी की मालकांची?" त्याने सांगितले, "माझ्या वडिलांची, मी फक्त एक्सेल केलं." घरी आल्यावर त्याने हे वडिलांसमोरच आम्हाला सांगितले. वडील काही बोलले नाहीत, बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. आपण मुलांना जी प्रमाणपत्रे देतो त्यांवर 'उत्साहाने भाग घेतला' एवढेच छापलेले असते. येत्या स्नेहसंमेलनापासून प्रमाणपत्रावर दोन कोऱ्या ओळी ठेवाव्यात आणि संबंधित शिक्षकांनी त्या हाताने भराव्यात: काय काम केले, किती दिवस, किती रकमेचा किंवा किती माणसांचा व्यवहार सांभाळला. छपाईचा खर्च तेवढाच येईल, शिक्षकांचे काम थोडे वाढेल. ते आम्ही वाटून घेऊ. संमेलनाच्या खर्चाचा हिशेब यंदा अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांकडे द्यावा आणि आपल्या लेखापालांनी तो तपासावा, असाही प्रस्ताव पुढील सभेत ठेवीत आहोत.

जुना झेरॉक्स नमुना ग्रंथालयातून काढून टाकला आहे. कोणाच्या घरी असेल तर वापरू नये. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपला रेझ्युमे दाखवायचा असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात यावे. येताना प्रमाणपत्रांची फाइल आणू नये. कोणते काम केले त्याची आकड्यांसह एक यादी पेनाने लिहून आणावी, म्हणजे आम्हाला पेन्सिल घेऊन बसता येईल.